तीन दिवस आधीची तारीख

खिडकीकाका आयुष्यात एकच खोटं बोलले, पण ते तेहतीस वर्षं बोलले.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चार नंबरची खिडकी त्यांची. परीक्षेचे अर्ज तिथे घेतले जात. सूचनेत अर्जाची शेवटची तारीख पंधरा असली, की काका खिडकीतून सांगायचे, बारा. सूचनेत तीस असली, की काकांची सत्तावीस. सूचना बाहेर फलकावर लावलेली असायची, पण फलकावरची सूचना वाचणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे. ती दहा पानांची असते, तारीख सातव्या पानावर असते आणि नेमकं ते पान कुणीतरी मागच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहून घ्यायला फाडून नेलेलं असतं. त्यामुळे सगळे खिडकीवर येऊन विचारायचे, आणि काका म्हणतील ती पूर्व दिशा.

हे खोटं त्यांनी मजेखातर सुरू केलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना एक मुलगा अर्ज घेऊन आला. अर्जावर विभागप्रमुखांची सही नव्हती आणि विभागप्रमुख रजेवर होते. काकांनी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. मुलगा ओरडला नाही, भांडला नाही, नुसता खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला आणि शिपायाने दिवे मालवल्यावर निघून गेला. त्याचं वर्ष गेलं. काकांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. पुढच्या सत्रापासून त्यांची तारीख तीन दिवस आधीची झाली. ते तीन दिवस सही राहिलेल्यांचे, फोटो नसलेल्यांचे, आजारी पडलेल्यांचे, आणि मुळातच आळशी असलेल्यांचेही. काका त्यांच्यात भेद करत नसत.

तारीख उलटून कुणी आलं की एक ठरलेलं नाटक व्हायचं. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "मुदत संपली. आता काही होणार नाही. पुढच्या सत्रात या." मग समोरचा चेहरा पडायचा. काका तो पुरता पडू द्यायचे, कारण चेहरा पडल्याशिवाय माणसाला तारखेची किंमत कळत नाही असं त्यांचं मत होतं. मग इकडेतिकडे बघून खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "आण इकडे. या वेळेपुरतं घेतो. कुणाला सांगू नकोस." मुलं निघताना इतके आभार मानायची, की काकांना तो दिवस गोड जायचा. आता नियमात बसणारा अर्ज नियमातच घ्यायचा आणि वर उपकाराचं श्रेयही खिशात टाकायचं, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. काका साधे होते, पण इतकेही साधे नव्हते.

घरीही हाच खाक्या. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. त्यांची बायको घरातच कपडे दुरुस्तीचं काम करायची, चेन बदलणं, कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं. तोंडात टाचण्या धरून ती म्हणायची, "अहो, ते घड्याळ पुढे आहे हे मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, मुलीला ठाऊक. मग फसवता कुणाला?" काका म्हणायचे, "फसवत नाही गं. सवड ठेवतो." मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तिने तिच्या घरचं घड्याळ बरोबर लावलं आणि तिची पहिल्याच महिन्यात गाडी चुकली, हे काका वर्षभर सांगत होते.

निवृत्तीला अकरा महिने उरले होते तेव्हा विद्यापीठाने सोबती आणला.

सोबती म्हणजे फोनवरचा मदतनीस. विद्यार्थ्यांनी त्याला काहीही विचारावं, त्याने उत्तर द्यावं. कर्मचाऱ्यांसाठीही तोच. पत्र लिहायचं, इतिवृत्त करायचं, लांबलचक अर्जाचा सारांश काढायचा, सगळं सोबती करणार. कुलगुरूंनी सभागृहात भाषण केलं की आता कुणीही विद्यार्थी रांगेत उभा राहणार नाही. टाळ्या पडल्या. रांग ही गोष्ट कुणालाच आवडत नाही, काकांनाही नव्हती, म्हणून त्यांनीही वाजवल्या. पुढच्या आठवड्यात चार नंबरच्या खिडकीला आतून पत्रा ठोकला आणि काकांचं टेबल आतल्या खोलीत, छपाई यंत्राच्या शेजारी नेलं. तिथे बसून त्यांनी विद्यार्थ्यांचे फोटो नीट आले आहेत का, एवढंच पडद्यावर बघायचं होतं.

त्याआधी तीन आठवडे सगळ्या विभागांचं प्रशिक्षण झालं. सोबती बसवणाऱ्या कंपनीचा प्रशिक्षक तिशीतला, गोड बोलणारा माणूस. तो म्हणाला, "सोबतीला विद्यापीठाचे नियम आम्ही दिलेच आहेत. पण नियम कोरडे असतात. विद्यार्थ्यांचे खरे प्रश्न तुम्हाला माहीत. तुम्ही ते लिहून काढा, आणि खिडकीवर जे उत्तर देता तेच लिहा. अगदी तुमच्या शब्दांत. सोबती नियमापेक्षा तुमचं उत्तर आधी धरेल."

तेहतीस वर्षांत काकांना त्यांच्या शब्दांत काही लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हे काम फार मनावर घेतलं. रोज घरी येऊन, बायकोच्या शिलाई मशीनच्या पलीकडे बसून, फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात एकशे चौऱ्याऐंशी प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहिली. फोटोत डोळे उघडे असावेत. आईचं नाव बदललं असेल तर घाबरू नये, प्रतिज्ञापत्र जोडावं. केंद्र लांबचं मिळालं तर रडून उपयोग नाही, दोन दिवसांत बदलाचा अर्ज करावा. बायको एकेक वाचून हसायची. "हे तुम्हीच बोलताय असं वाटतं," ती म्हणाली, आणि काका खूश झाले.

नववा प्रश्न होता, परीक्षा अर्जाची शेवटची तारीख कोणती. काकांचा पेन क्षणभर थांबला. सूचनेत पंधरा होती. पण खिडकीवर जे सांगता तेच लिहा, असं सांगितलं होतं, आणि काकांनी तेहतीस वर्षं खिडकीवर कधी खरी तारीख सांगितली नव्हती. शिवाय सवड ठेवलेली बरी. त्यांनी बारा लिहिलं.

दहावा प्रश्न होता, तारीख उलटून गेली तर काय करावं. काकांनी तेही जसं बोलायचे तसंच लिहिलं. मुदत संपली. आता काही होणार नाही. पुढच्या सत्रात या.

त्या वाक्यानंतर काका खिडकीतून हात बाहेर काढायचे. तो हात कागदावर लिहायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. हात हे काही उत्तर नव्हे. कुणीच त्याला उत्तर म्हटलं नसतं.

सत्राचे अर्ज सुरू झाले. काका आतल्या खोलीत फोटो बघत बसले. अर्ज भरायचा दुवा सोबती फोनवर पाठवायचा आणि मुलं घरबसल्या भरायची. बारा तारखेपर्यंत फोटोंचा नुसता पूर लोटला होता. तेरा तारखेला एकही नवा फोटो आला नाही, चौदालाही नाही, पंधरालाही नाही. काका घरी जाऊन बायकोला म्हणाले, "यंदा पोरं सुधारली म्हणायची. शेवटच्या तीन दिवसांत एकजण आला नाही." बायको म्हणाली, "तुम्हाला बरं वाटायला हवं, तर तोंड का पाडलंय?" काकांना ते सांगता आलं नाही. कुणी 'कुणाला सांगत नाही काका' म्हटलं नव्हतं, त्याची त्यांना चुटपुट लागली होती, आणि हे कबूल करायची लाज वाटत होती.

अठरा तारखेला परीक्षा विभागाची बैठक झाली. विभागाच्या प्रमुख म्हणजे उपकुलसचिव बाई. पन्नाशीच्या, कामाच्या, कुणाचं मुद्दाम वाईट न करणाऱ्या. त्या आनंदात होत्या. भिंतीवर आलेख लावला होता. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "सगळे अर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी आले. शेवटच्या दिवसाची गर्दी नाही, रडारड नाही. कुलगुरूंनी स्वतः कौतुक केलंय. आणि याचं श्रेय काकांनाही आहे बरं का, सोबतीची सर्वात चांगली उत्तरं त्यांची आहेत." सगळ्यांनी मागे वळून काकांकडे पाहिलं.

काका आलेखाकडे पाहत होते. बारा तारखेपर्यंत उंच चढलेली रेघ तिथून सरळ खाली पडली होती आणि तेरा, चौदा, पंधरा या आकड्यांवर आडवी झोपली होती. काका गणितात यथातथाच, पण ही रेघ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरं सुधारत नसतात. एखाददुसरं सुधारेल, पण एका सत्रात सगळी? 

बैठक संपल्यावर त्यांनी प्रशिक्षकाला गाठलं. "बारा तारखेनंतर सोबतीला कुणी अर्जाबद्दल विचारलं होतं का, ते बघता येतं?"

"सगळं दिसतं काका," तो म्हणाला आणि त्याने यादी काढली. "सदतीस जणांनी विचारलं. सदतीस निकाली."

"निकाली म्हणजे?"

"म्हणजे उत्तर मिळालं. परत विचारलं नाही."

यादीत नावं नव्हती, नोंदणी क्रमांक होते. काकांनी बोट ठेवून एकेक वाचले. छत्तीस क्रमांक त्यांना ओळखीचे वाटले नाहीत. त्यांचं एक सत्र जाणार होतं. ते वाईटच, पण पुढचं सत्र होतं. सदतिसावा क्रमांक मात्र काकांना तोंडपाठ होता. गेली आठ वर्षं ते तो क्रमांक स्वतःच्या हाताने पावतीवर लिहीत आले होते. तो इस्त्रीवालीचा होता.

ही बाई मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरी इस्त्री करायची. लग्नानंतर, पहिलं मूल झाल्यावर बाहेरून पदवीला बसली. पहिल्यांदा आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दर सत्राला तेरा नाहीतर चौदा तारखेला धापा टाकत यायची, मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीचे जुने-नवे डाग, हातात चुरगळलेला अर्ज. दिवसभर दुसऱ्याच्या चादरी सरळ करते आणि अर्ज असा आणते, अशी काका तिची थट्टा करायचे. मग तेच नाटक. मुदत संपली, आता काही होणार नाही. आणि मग हात. तिची सगळी धडपड कशासाठी, हे काकांना माहीत होतं. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात एक जागा रिकामी होणार होती, खुर्चीवर बसून करायची, आणि वरिष्ठांनी सांगितलं होतं की पदवी आण, जागा तुझी. सगळे विषय सुटले होते. एकच राहिला होता. आणि नियमाप्रमाणे पदवीला आठ वर्षांची मुदत होती. हे तिचं सोळावं सत्र होतं, शेवटचं.

"तिने काय विचारलं ते दाखवा," काका म्हणाले.

प्रशिक्षकाने संवाद उघडला. तेरा तारीख, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

काका आहेत का, असं तिने लिहिलं होतं.

मी सोबती. मी आपली काय मदत करू?

अर्ज राहिला. सलग ड्युटी लागली होती. आज तेरा आहे.

मुदत संपली. आता काही होणार नाही. पुढच्या सत्रात या.

मला पुढचं सत्र नाही. हे शेवटचं आहे.

आपली अडचण मी समजू शकतो. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

बरं. धन्यवाद.

एवढंच होतं. काकांनी ते पुन्हा वाचलं. मुदत संपली, आता काही होणार नाही. शब्द त्यांचेच होते, एक काना-मात्रा बदललेली नव्हती. "बारा चुकीचं आहे हो," ते म्हणाले. "खरी तारीख पंधरा. तेव्हा दुवा चालू होता. ती भरू शकली असती."

प्रशिक्षकाचा चेहरा उतरला. त्याने सूचना काढून पाहिली, मग काकांच्या फुलस्केपची प्रत काढून पाहिली. "तुम्ही बारा लिहिलंय."

"मी लिहिलंय."

"का पण?"

काकांनी तेहतीस वर्षांची हकिगत त्याला तीन मिनिटांत सांगितली. तो वाईट माणूस नव्हता, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी आत्ता दुरुस्त करतो, पंधरा करतो." आणि खरोखर केलं. पण पंधराही उलटून तीन दिवस झाले होते. वरातीमागून घोडं धाडून काय उपयोग.

काका तिथूनच उपकुलसचिव बाईंकडे गेले. बाईंनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "तेहतीस वर्षं तुम्ही चुकीची तारीख सांगत होतात?"

"आधीची सांगत होतो, बाई. अर्ज सगळे मुदतीतच घेतले. तुम्ही तपासा. एकही उशिराचा नाही."

"मला विश्वास आहे. पण हे लेखी कसं मांडायचं, सांगा." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आसन क्रमांक पडलेत. यादी परीक्षा मंडळाकडे गेली. सूचनेत पंधरा स्पष्ट आहे, त्यामुळे कागदावर विद्यापीठाची काहीच चूक नाही. सोबतीच्या प्रत्येक उत्तराखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अधिकृत सूचना पाहावी. एकीला बसू दिलं तर छत्तीस येतील, आणि मग विचारतील की कौतुक कसलं केलं."

"तिचं शेवटचं सत्र आहे."

"तुम्ही लिहून द्या. मी समितीपुढे ठेवते. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

काकांनी त्याच दिवशी लिहून दिलं. चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही, जी शिक्षा असेल ती मला द्यावी. चार दिवसांनी समिती बसली. काकांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण आत बोलावलं नाही. अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी काकांसमोरच सोबतीला निर्णयाचं पत्र करायला सांगितलं. चहाचा एक घोट घेईपर्यंत पत्र तयार झालं. फार सभ्य पत्र होतं. विनंती सहानुभूतीपूर्वक विचारात घेतली होती, तथापि मान्य करता येत नव्हती. काकांना शिक्षाही झाली नव्हती. निवृत्ती जवळ आल्याने आणि आजवरची सेवा पाहता समितीने त्यांना फक्त समज दिली होती.

"मला काहीतरी करा हो," काका म्हणाले. "पगार कापा, काहीही करा."

"त्याने तिचं काय होणार?" बाई म्हणाल्या.  

घरी बायकोने सगळं ऐकलं, हातातली पँट बाजूला ठेवली. तिने नेहमीसारखं टोचून बोलायला हवं होतं, काका त्याची वाटच पाहत होते. ती म्हणाली, "तिला जाऊन सांगा. कागदाने कळवू नका." दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली.

रुग्णालयाचा धुलाई विभाग मागच्या बाजूला, तळघरात होता. दारातच वाफेचा लोट अंगावर आला. आत एक लांबलचक गरम रूळ फिरत होता. एका बाजूने दोन बायका ओली चादर त्यात सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने दोघी कोरडी चादर ओढून घडी घालायच्या. आवाज एवढा की बोलणं हातवाऱ्यांनीच. इस्त्रीवालीने काकांना पाहिलं, आधी ओळखलं नाही. खिडकीतला माणूस आठ वर्षांत तिने छातीच्या वर तेवढाच पाहिला होता. मग ओळखलं आणि हात पुसत घाईघाईने बाहेर आली.

"काका, तुम्ही? कुणी दाखल आहे का?"

"नाही गं. तुझ्याकडेच आलो."

मागच्या दाराशी एक बाक होता. दोघं त्यावर बसले. काकांनी पाठ केलेलं सगळं विसरून भलतंच विचारलं. "तेरा तारखेला तू माझ्याकडे का नाही आलीस? खिडकी बंद झाली म्हणून काय झालं, मी आत होतो."

ती जरा ओशाळली. "आले होते ना. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत आले होते. मग परत फिरले."

"का?"

"सोबतीने सांगितलं होतं, मुदत संपली. म्हटलं, हे काही माणूस नाही, याच्याकडे चालवून घेणं नसतं. मग तुमचा विचार केला. दर वेळी तुम्ही माझ्यासाठी नियम मोडता. आता सगळं संगणकात दिसतं म्हणे. तुमचं शेवटचं वर्ष. माझ्यापायी तुम्हाला कुणी बोल लावला असता तर?" ती मान खाली घालून डागावरची खपली खरवडत होती. "सोळा वेळा कुणाकडून उपकार घ्यायचे, काका. मलाच वाटलं, आपणच वेळेवर यायला शिकलो नाही, तर भोगावं आपण."

काकांना वाटलं, ती रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं. त्या एका हाताचं, त्या हळू आवाजाचं, आठ वर्षं खिशात टाकलेल्या श्रेयाचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. तिच्या अर्जाची खरी तारीख दर वेळी पंधरा असायची. बारा त्यांची स्वतःची होती. नियम त्यांनी कधीच मोडला नाही, कुणासाठीच नाही, मोडल्याचं नुसतं दाखवलं. यंत्रातही बारा त्यांनीच लिहिली. ती फाटकावरून परत फिरली तेव्हा चौदा तारीख होती आणि अजून एक दिवस शिल्लक होता. समितीपुढे त्यांनी सगळं लिहून दिलं, आणि समितीने नाही म्हटलं.

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग कुठे येतो का, ते काका पाहत होते. ती बोटांवर काहीतरी हिशेब लावत होती.

"म्हणजे मी उशिरा येत नव्हते?" तिने विचारलं.

"नाही."

"मागच्या वेळी, सासूबाई पडल्या तेव्हा, मी चौदाला आले होते. तेव्हा पण नाही?"

"नाही."

"धाकटा झाला त्या वर्षी?"

"एकदाही नाही. पंधराच्या पंधरा सत्रं तू वेळेत आलीस."

"आणि आता?"

"आताही वेळेत होतीस."

तिने पदराने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, काकांनी बघितलं नाही. आतून कुणीतरी तिला हाक मारली, तिने हाताने थांब म्हटलं.

"घरी सगळे म्हणतात, हिचं हे असंच," ती म्हणाली. "नवरा मुलांना बघतो, जेवायला करतो, कधी नाही म्हणाला नाही. पण या वेळी तो म्हणाला, आठ वर्षं आम्ही सगळ्यांनी कळ काढली आणि तुला एक तारीख पाळता आली नाही. मी काय बोलणार? मला तसंच वाटत होतं." मग तिने काकांकडे पाहिलं. "हे मला लिहून द्याल?"

"काय?"

"हेच. की मी वेळेत होते."

"देतो. पण समितीचा निर्णय झालाय पोरी. याने परीक्षेला बसायला मिळणार नाही."

"ते कळलं मला."

"नोंदणी विभागात दाखवून पण—"

"नाही, तिथे पदवी लागते. मला माहीत आहे." ती उठून आत गेली आणि एक कागद घेऊन आली. चादरींची मोजणी छापलेला, मागून कोरा. काकांनी तो मांडीवर ठेवला आणि लिहिलं. तिचं नाव, नोंदणी क्रमांक, आणि खाली, ही विद्यार्थिनी आठ वर्षांत एकदाही उशिरा आलेली नाही. सही केली. हुद्दा लिहिला. शिक्का आता त्यांच्याकडे नव्हता, ती जागा रिकामीच राहिली.

तिने उभ्या उभ्या वाचलं. आठ वर्षांत एकदाही, हे शब्द तिने ओठ हलवून वाचले. कागदाची घडी घातली, चारही कोपरे जुळवून, चादरीची घालतात तशी, आणि पोलक्यात ठेवली.

"नवऱ्याला दाखवते," ती म्हणाली. "चहा घेता का काका? इथला बरा नसतो, पण गरम असतो."

काका नको म्हणाले. ती आत गेली आणि रुळाच्या तोंडाशी आपल्या जागेवर उभी राहिली. दुसरी बाई तिला काहीतरी विचारत होती, तिने मान हलवली आणि ओली चादर आत सरकवली. काका दारात उभे राहून चादरी मोजत राहिले. अकरा झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण जाण्यायेण्याच्या वाटेत उभे आहोत, आणि ते बाजूला झाले.